दानच्या लाल दगडांत तीन दिवस, आप्पांसोबत

आई-आप्पा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे कार्ल्सरुहेला आलेत. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे ती घरी नातवात रमलीये, पण आप्पांना दोन आठवडे झाले की घरात बसवत नाही, रोज खिडकीतून लांबचे डोंगर बघून विचारायचे "ते काय आहे गं तिकडं?" म्हटलं चला. 3 ऑक्टोबरला जर्मनीत एकीकरणाची सुट्टी असते, ती शुक्रवारी आली, आदल्या दिवशी दसरा झालेला, गाडीला झेंडूची माळ तशीच होती आणि आम्ही दोघं बापलेक निघालो.

गाव निवडलं दान. जर्मनमध्ये स्पेलिंगमध्ये एक ह आहे पण उच्चार दाऽन असाच. आप्पा म्हणाले नाव चांगलं आहे. कार्ल्सरुहेहून ऱ्हाईन ओलांडून बाड बेर्गत्साबेर्नमार्गे साधारण तासाभराचा रस्ता, शेवटचा अर्धा भाग सगळा जंगलातून. हे फाल्झ या प्रदेशाचं जंगल, जवळजवळ 1,770 चौरस किलोमीटर, आणि दक्षिणेला फ्रान्सच्या हद्दीत ते तसंच पुढे उत्तर व्होझ डोंगरांत जातं. 1998 साली युनेस्कोने दोन्हीकडचं मिळून एकच बायोस्फिअर रिझर्व्ह, म्हणजे संरक्षित जीवावरण क्षेत्र, केलं.

दिवस पहिला, शुक्रवार

दानच्या स्विमिंग पूलपाशी गाडी लावली आणि फेल्झनफाड चालू केला. फेल्झन म्हणजे खडक आणि फाड म्हणजे पायवाट, साधारण 12 किलोमीटरची गोल वाट आहे, जिथून निघतो तिथेच परत. माहितीत चार-पाच तास लिहिलेत, आम्हाला सात लागले कारण आप्पा प्रत्येक खडकाला हात लावून बघत होते.

आणि तो दगड आहेच तसा. लाल, कुठे गुलाबी, कुठे पिवळट, आणि हात फिरवला की बोटांना वाळू लागते. सँडस्टोन म्हणजे वालुकाश्म हे पुस्तकात वाचलेलं असतं पण बोटाला लागल्याशिवाय खरं वाटत नाही. साधारण 25 कोटी वर्षांपूर्वी इथे उष्ण कोरडं खोरं होतं, नद्यांनी त्यात वाळू आणून टाकली, थरावर थर बसले, लोहामुळे लाल झाले. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे आपला काळा कातळ याच्यापुढे अगदीच तरुण. हे सांगितल्यावर आप्पा थांबले, परत एकदा खडकाकडे बघितलं आणि म्हणाले "आणि तरी इतका मऊ?" मऊच आहे, म्हणून तर वारा-पावसाने त्याच्या अंगाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पाडलीत, मऊ थर झिजून गेले आणि कडक थर टोपीसारखे वर राहिले, त्यामुळे इथला जवळजवळ प्रत्येक खडक खाली बारीक आणि वर रुंद असतो.

प्रत्येक खडकाला नाव आहे. लॅमरफेल्सन म्हणजे कोकरांचे खडक, श्वाल्बनफेल्सन पाकोळ्यांचे, वाख्टफेल्स टेहळणीचा, एक कवी शिलरच्या नावाचा. गावाजवळ दोन उभे सुळके शेजारी शेजारी आहेत त्यांना नवरा-नवरी म्हणतात, आणि हे आप्पांना सर्वात आवडलं, कारण आपल्याकडेही शेजारी दोन सुळके दिसले की लोक हेच नाव देतात. कोकरांच्या खडकावर क्लाइंबर लोक दोर लावून चढत होते, त्यातल्या एकीने सांगितलं की वसंतात काही खडक बंद ठेवतात कारण कड्यावर बहिरी ससाणे घरटी करतात, पिल्लं उडाली की मग परत उघडतात. फलकसुद्धा होता तसा. नियम सगळे पाळतात हे ऐकून बरं वाटलं.

वाट कशी आहे तर वाळूची. खरंच, जंगलात बारीक लालसर वाळू आणि त्यावर पाइनच्या सुयांचा थर, पाऊल टाकलं की आवाज नाही, गुडघ्याला धक्का नाही. पाइन, बीच, ओक, मधेच चेस्टनटचं झाड आणि खाली काटेरी बोंडं फुटून पडलेली. चढ-उतार भरपूर आहेत पण एकही सलग मोठा नाही, वीस मिनिटं चढायचं, एखाद्या खडकाच्या कडेवर रेलिंगपाशी यायचं, समोर जंगलच जंगल आणि त्यातून वर आलेले लाल कडे, आणि मग परत उतरायचं. दोन-तीन व्ह्यू पॉइंटला शिडीसारख्या पायऱ्या आहेत. वय झालेल्यांना घेऊन जाणार असाल तर काठी मात्र न्या, पानं पडली की वाळू घसरते.

दुपारी हुटऽ. म्हणजे हट, पण तेवढ्याने कळत नाही. इथे 1902 साली स्थापन झालेली फाल्झ जंगल संघटना आहे, तिचे सभासद जंगलात ठिकठिकाणी अशा खानावळी चालवतात, बरेचसे स्वयंसेवक. रांगेत उभं राहून आपलं ताट आपण घ्यायचं, आणि टेबलं लांबलचक, अनोळखी माणसांच्या शेजारीच बसावं लागतं. दानच्या हुटऽवर सुट्टीमुळे तुडुंब गर्दी होती. इकडचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे डुकराच्या पोटात भरून शिजवलेलं मांस-बटाटा, तो आप्पांना चालणार नव्हता, त्यांच्यासाठी डाम्पफनूडेल आणि बटाट्याचं सूप घेतलं. डाम्पफनूडेल म्हणजे वाफेवर शिजवलेला मऊ पाव, वरून पांढरा आणि खालून खरपूस, खारट कवच. आप्पांनी ते कवच शेवटी ठेवलं, भाकरीचा पापुद्रा ठेवतात तसं. शेजारच्या आजोबांनी अर्ध्या लिटरच्या खड्ड्याखड्ड्यांच्या ग्लासमधली वाइन-सोडा त्यांच्यापुढे सरकवली, आप्पांनी हात जोडले आणि पिशवीतला कंदी पेढा त्यांना दिला. भाषा एकालाही दुसऱ्याची येत नव्हती, मी मधे दुभाषी. अर्ध्या तासात आजोबांना अजिंक्यताऱ्याचे फोटो दाखवून झाले होते.

संध्याकाळी युंगफर्नश्प्रुंगवर गेलो. गावाच्या अगदी डोक्यावर साधारण 70 मीटरचा उभा कडा आहे, वर क्रूस. नावाचा अर्थ कुमारिकेची उडी. गोष्ट अशी सांगतात की एक मुलगी जंगलात असताना वाईट हेतूचा माणूस तिच्या मागे लागला, ती पळत पळत कड्यावर आली, पुढे वाट नाही, तिने उडी मारली, घागरा वाऱ्याने फुगला आणि ती अलगद खाली उतरली, आणि जिथे तिचे पाय टेकले तिथे झरा फुटला. आप्पा बराच वेळ खाली गावाचे दिवे बघत होते. मग म्हणाले "हिरकणी पण उतरलीच की." लहानपणी रायगडावर हिरकणी बुरुजावर त्यांनी मला हाताला धरून उभं केलेलं मला आठवतं, मी सहा वर्षांची असेन, आणि भीतीपेक्षा त्यांच्या तळहाताचा घाम जास्त लक्षात आहे. इथे रेलिंग होतं तरी मी त्यांचा हात धरला.

दिवस दुसरा, शनिवार

पाऊस. रात्रीपासूनच वारा सुटला होता आणि सकाळी जंगलात फांद्या मोडल्याचा आवाज येत होता. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या आजींनी सरळ सांगितलं आज झाडांखाली लांब जाऊ नका. त्यामुळे मोठी वाट रद्द, फक्त गावाजवळचे किल्ले.

आल्टदान, ग्राफनदान आणि टानश्टाइन हे तीन किल्ले एकाच डोंगरधारेवर ओळीने आहेत, पाच खडकांवर मिळून, इतके जवळ की एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर हाक जाईल. छोटं तिकीट आहे, छोटं म्युझियम आहे. आणि इथे आप्पांचा खरा दिवस सुरू झाला.

आप्पा पाटबंधारे खात्यात होते, एकतीस वर्षं. कुठल्याही गडावर गेलं की दरवाजा, बुरूज, तोफा हे सगळं नंतर, पहिला प्रश्न "पाणी कुठंय?" सज्जनगडावर तळी, अजिंक्यताऱ्यावर टाकी, पाण्याशिवाय गड म्हणजे नुसता दगड असं त्यांचं म्हणणं, आणि आम्हा भावंडांना लहानपणी प्रत्येक गडावर टाकी मोजायचं काम असायचं. तर पावसात छत्री धरून ते पाणीच शोधायला लागले. मी मधेच त्यांना खडकाच्या भिंती दाखवत होते. उभ्या कड्यावर चौकोनी खोबण्या ओळीने कोरलेल्या दिसतात, आधी कळत नाही कशासाठी, मग लक्षात येतं की त्यात लाकडी वासे बसवलेले असणार, म्हणजे प्रत्येक ओळ एक मजला. तिरकी खाच दिसली की तिथे छपराची कड टेकलेली. म्हणजे खडक ही एक भिंत आणि बाकीचं घर लाकडाचं त्याला चिकटवलेलं, लाकूड गेलं आणि भिंतीवर नुसती भोकं राहिली. आम्ही दोघं तिथे उभं राहून बोटाने एक एक घर पूर्ण करत होतो, इथे मजला, इथे चूल असेल, इथे जिना. कातळात कोरलेल्या पायऱ्या तर इतक्या झिजलेल्या की मधे बशीसारखा खड्डा, पावसाचं पाणी साठलेलं.

रचलेल्या चिऱ्यांवर आणखी एक गंमत बघा कधी गेलात तर. बऱ्याच चिऱ्यांच्या दर्शनी बाजूला मधोमध एक छोटं भोक असतं. यारीने उचलताना चिमटा पकडायला ते पाडलेलं असतं. सातशे-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी चिमटा लावला आणि दोर ओढला, त्याची खूण.

हौद सापडला शेवटी. आणि तिथे आप्पांनी मला जे सांगितलं ते कुठल्याच बोर्डवर इतकं नीट नव्हतं. आपल्याकडे बेसॉल्ट घट्ट, टाकं खोदलं, पाऊस पडला, पाणी राहिलं. इथला दगड पाणी पितो. नुसता खड्डा खोदला तर पाणी मुरून जाणार. घरी येऊन वाचलं तर या भागातल्या किल्ल्यांत तसंच करायचे, खड्ड्याला आतून चिकणमातीचा लेप, मधे दगडी विहिरीसारखी नळी, आणि नळीच्या भोवती वाळू-खडी भरलेली, छपरावरचं पाणी त्या वाळूतून गाळून नळीत यायचं आणि तिथून पोहऱ्याने वर. आप्पांनी हे न वाचता, नुसता दगड हातात चोळून सांगितलं होतं.

दुपारी बेरवार्टश्टाइन, दानपासून थोड्याच अंतरावर. हा किल्ला 1591 मध्ये जळाला, मग तीनशे वर्षं तसाच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परत उभा केला आणि आजही त्यात लोक राहतात. आत गाइडसोबतच जावं लागतं. जुन्या काळी वर जायला फक्त खडकातून कोरलेली एक उभी धुराड्यासारखी वाट होती, तेवढी बंद केली की किल्ला बंद. आणि विहीर! अख्खा खडक फोडून थेट दरीच्या पातळीपर्यंत, 104 मीटर खोल. आप्पांनी मला दोनदा विचारलं फूट की मीटर, मी गाइडला परत विचारलं, मीटर. छिन्नी-हातोडीने. ते कठड्याला धरून खाली बघत राहिले, बाकीचा ग्रुप पुढच्या खोलीत गेला, गाइडने दार धरून ठेवलं आणि काही बोलली नाही, तिचे मी आभार मानले.

याच किल्ल्यावर 1480 पासून हान्स फॉन ट्रोथा नावाचा सरदार होता. शेजारच्या वायसेनबुर्ग शहरातल्या मठाशी त्याचं भांडण. त्याने काय केलं, तर दानमधून जाणारी लाउटर नदी बांध घालून अडवली, खाली शहराचं पाणी तोडलं. मठाधिपतीने तक्रार केल्यावर त्याने तो बांध फोडला आणि शहरात पूर आला. पोपने त्याला धर्मबहिष्कृत केलं. 1503 मध्ये तो वारला, पण फ्रान्सच्या आल्सास भागात अजून नाताळच्या वेळी हान्स ट्राप म्हणून त्याच्या नावाने पोरांना घाबरवतात, आपल्याकडे बागुलबुवा येईल म्हणतात तसं. तलवारीच्या गोष्टी ऐकून आप्पा इतके गंभीर झाले नसते. "खालच्यांचं पाणी तोडायचं," एवढंच म्हणाले आणि गाडीत बराच वेळ गप्प होते. धरणाच्या पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणं त्यांनी नोकरीत खूप बघितलीत.

दिवस तिसरा, रविवार

पाऊस थांबला, वारा राहिला, आकाश धुतल्यासारखं. आज चार किल्ल्यांची गोल वाट, दोन देशांतून. सुरुवात नोटवायलरहून, फ्रान्सच्या सीमेला टेकलेलं इवलंसं गाव, पूर्वी इथे लोखंडाची खाण होती ती आता बघायला उघडी असते पण आम्ही वेळेअभावी सोडली.

पहिलाच चढ सर्वात मोठा, जवळपास 300 मीटर, सलग. आप्पा त्रेसष्ट वर्षांचे आहेत, मी पुढे जाऊन थांबायचे, ते त्यांच्या चालीने यायचे, आणि मला सारखं आठवत होतं की लहानपणी चंदन-वंदन गडावर मी रडत बसले होते आणि ते असेच पुढे जाऊन थांबायचे. वर वेगेल्नबुर्ग, सुमारे 570 मीटर, फाल्झमधला सर्वात उंच किल्ला. बांधकाम फार उरलेलं नाही, पण खडकाच्या माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला ऱ्हाईनचं सपाट खोरं, पलीकडे निळसर ब्लॅक फॉरेस्ट, दुसऱ्या बाजूला व्होझ. शेंगदाण्याची चटणी आणि आईने करून दिलेल्या दशम्या इथे खाल्ल्या. वारा इतका की डब्याचं झाकण उडालं आणि एका फ्रेंच मुलाने धावत जाऊन आणून दिलं.

वेगेल्नबुर्गवरून दहा-पंधरा मिनिटं उतरलं की जंगलात सीमेचा दगड. बाकी काही नाही. तार नाही, चौकी नाही, तीच पानं, तीच वाळू. आप्पांनी एक पाय इकडे एक पाय तिकडे करून फोटो काढून घेतला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, दोन मिनिटांत साताऱ्याहून काकांचा फोन.

पुढे होहेनबुर्ग, आता फ्रान्समधला. पुलर घराण्याचा हा किल्ला, त्या घराण्यात एक कवीही होऊन गेला. नंतर तो मुलीकडून झिकिंगन घराण्यात गेला. सरदार फ्रान्झ फॉन झिकिंगन हा त्याच पुलर घराण्यातल्या आईचा मुलगा, 1523 मध्ये लांडश्टूलच्या वेढ्यात जखमी होऊन वारला. कोरीव दरवाजा अजून उभा आहे, तो बघायचा. त्यानंतरचा ल्योवेनश्टाइन म्हणजे सिंहाचा दगड, दोन खडक आणि थोड्या भिंती, 1386 मध्येच पाडला कारण तिथे वाटमाऱ्या करणारे सरदार राहायचे. तिथून जवळच क्रापनफेल्स नावाचा कडा आहे, थोडं वाकडं जावं लागतं, जा. तिथे बसून खाली झाडीत फ्लेकेनश्टाइन दिसतो, जहाज झाडांत रुतून बसल्यासारखा लांबट खडक.

फ्लेकेनश्टाइनला तिकीट आहे आणि गर्दीही, कारण तिथे गाडीने थेट येता येतं. दोन तास जंगलातून चालत आल्यावर एकदम लहान मुलं, आइस्क्रीम, स्ट्रोलर, जरा चमत्कारिक वाटतं. पण किल्ला बघून मी हे सगळं विसरले. तीस मीटर उंच आणि अगदी अरुंद खडक, त्याच्या पोटातून जिने, खोल्या, आणि एक दालन मधे खांब राखून कोरलेलं. आप्पा आत शिरले आणि दोन्ही हात खांबाला टेकवून म्हणाले "ही लेणीच आहेत की गं." छतावर छिन्नीचे घाव तिरके, ओळीने, अगदी आपल्याकडच्या लेण्यांत दिसतात तसे. फक्त हातात आलेला लाल रंग वेगळा. 1680 मध्ये फ्रेंच सैन्याने हा किल्ला उद्ध्वस्त केला, पण कोरलेलं कसं पाडणार, रचलेलं गेलं आणि खोदलेलं राहिलं.

पाणी? कड्याला चिकटून चौकोनी बुरूज आहे, तो विहिरीचा. म्हणजे विहीर खाली, आणि तिच्यावर बुरूज बांधून पाणी थेट वर ओढायची सोय, शत्रू खाली आला तरी पाणी आपल्या हातात. आप्पांनी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, खात्यातल्या त्यांच्या मित्रांना पाठवायला. मी विचारलं चारातला कुठला आवडला, तर म्हणाले कालचा, 104 वाला.

परतीची वाट लांब आणि सपाटच आहे, फ्रान्समधून हळूच परत जर्मनीत येते, मधे एक फार्म लागतं तिथे कॉफी घेतली. शेवटचे दोन किलोमीटर आप्पांचा डावा पाय दुखायला लागला, त्यांनी सांगितलं नाही पण काठीवर भार यायला लागला होता, मग मी उगाचच दोनदा बुटाची लेस बांधायला थांबले. नोटवायलरला पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. बूट काढून आपटले तर लाल वाळूचा छोटा ढीग पडला.

गाडी ऱ्हाईनच्या खोऱ्यात उतरली तेव्हा समोर चंद्र, जवळजवळ पूर्ण. आईचा फोन आला, गुडघा दुखला का, जेवलात का, आणि उद्या कोजागिरी आहे, दूध आणलंत का. रविवारी इथे दुकानं बंद असतात. आप्पा म्हणाले उद्या सकाळी मी आणतो, आणि मग तिला विहिरीबद्दल सांगायला लागले, फूट नाही, मीटर, मीटर.